हँडल फिरवायला चला

धायरी फाट्याला बस अडकली आहे. तुम्ही खिडकीशी बसला आहात. कानात लंडनचा कुठलातरी जुना पंक बँड आणि मांडीवर सॅक. सॅकमध्ये तुमच्याच कवितांच्या आणि दोन कथांच्या झेरॉक्स प्रती, पिना मारलेल्या. कुणी प्रकाशक विचारेना म्हणून स्वतःच काढल्यात. मराठीत हे असलं पहिल्यांदाच होतंय, अशी तुमची समजूत आहे. असू द्या.

सिग्नल सुटतो आणि वर्षं उलटी पळायला लागतात. २०१७ ओलांडलं की उरलीसुरली धायरी महापालिकेतून निसटून पुन्हा गाव होते. इमारती मजल्यामजल्याने उतरून जमिनीला टेकतात. धारेश्वराचं देऊळ तेवढं जागचं हलत नाही. मग दोन्ही बाजूंना शेतंच शेतं, आणि बस शहरात शिरते तेव्हा १९६३ साल आहे. पानशेतचं धरण फुटून दोनच वर्षं झालीत. पाणी कुठवर चढलं होतं ते लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. पुस्तकांच्या दुकानात देशमुख आणि कंपनीने काढलेली ‘कोसला’ कादंबरी नवीकोरी आहे. लिहिणारे भालचंद्र नेमाडे पंचविशीत. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि हात हलवत गावी परततो. तुम्ही ती वाचलेली आहे, तेव्हा रेंगाळू नका. डेक्कन क्वीन पकडा.

मुंबईत उतरता तोवर साठीचं दशक कलायला लागलंय. चाळीतली एक खोली, दार सताड उघडं. तुमच्याच वयाची चार-पाच पोरं जमिनीवर बसलीत. मधोमध सायक्लोस्टाइलचं यंत्र. एकजण मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटर बडवतोय, रिबन बाजूला सारून, म्हणजे अक्षर थेट मेणात उमटतं. जोर जास्त झाला की ‘ठ’च्या पोटातला गोल तुकडाच फाटून पडतो आणि त्या जागी शाईचा टिपका येतो. चूक झाली तर वर तीव्र वासाचं लाल पाणी फासायचं, फुंकर मारायची, पुन्हा टाइप करायचं. चित्र हवं तर लोखंडी टोकाने ओरखडायचं. मग स्टेन्सिल ड्रमवर चढवायची.

“बघत काय बसलात? फिरवा हँडल,” कुणीतरी तुम्हाला म्हणतं.

एक फेरी, एक पान. दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि मनगटापर्यंत शाई चढते. पुढची पानं फिकट निघायला लागतात, पण टाकून कुणी देत नाही. कागदाचे पैसे कुणाच्या तरी पगारातून आलेत.

तुमच्यापुढे पसरलेली नावं बघा: ‘असो’, ‘फक्त’, ‘आत्ता’, ‘येरू’, ‘वाचा’, ‘भारूड’. नावांतच खांदे उडवलेत. यातलं काही छापखान्यात खिळे जुळवून निघालं, काही असं हाताने फिरवून. अंक कधी निघेल, निघेल की नाही, याची हमी कुणी देत नाही. या सगळ्यांच्या आधी, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ असाच सायक्लोस्टाइल करून काढला होता. तुमच्या कानातल्या पंकवाल्यांचं ‘स्निफिन ग्लू’ हे झेरॉक्स पत्रक निघालं १९७६ च्या जुलैत. म्हणजे लंडनला वीस वर्षं उशीर झाला. माझ्या मते पंक गिटारीत कमी आणि या हँडलमध्ये जास्त असतं. छापायचं काय हे दुसरा कुणी ठरवणार असेल तर यंत्रच आपल्या खोलीत आणायचं, एवढाच तो धंदा.

दुसरा कुणी म्हणजे कोण, ते गिरगावात दिसतं. १९६९. खटाववाडीत ‘सत्यकथा’ मासिक काढणाऱ्या ‘मौज’च्या दारापुढे याच बंडखोरांतले राजा ढाले आणि त्यांचे मित्र ‘सत्यकथे’चा अंक जाळताहेत. कागद पटकन पेट घेतो. तुम्ही टाळ्या वाजवायला हात उचलता, पण जरा थांबा. मराठी नवकथा आणि नवकविता याच मासिकाने जोपासली, आणि बंडखोरांतल्या काहींच्या कविता आधी इथेच छापून आल्या होत्या. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर जीव ओतून काम करायचे, हेही खरं. तरीही मला ही होळी पटते. एकाच दारावर अख्ख्या भाषेची रांग लागली की आतला माणूस कितीही सज्जन असो, बाहेरच्याचं रक्त तापतंच. ‘सत्यकथा’ पुढे १९८२ मध्ये बंद पडली, ती मात्र या आगीने नव्हे.

आणि संगीत? तेही आहे, पण कोपऱ्यात. सत्तरीच्या सुरुवातीला जाहिरातींच्या धंद्यात चित्रकारी करणारे कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकताहेत आणि इंग्रजीत गाणी लिहिताहेत. काही ध्वनिमुद्रितही करतात. रेकॉर्ड काही निघत नाही. निघाली असती तर काय झालं असतं, हा खेळ परतीच्या गाडीत खेळा, कारण तुम्हाला पुण्याला वेळेत पोचायचंय.

१५ ऑगस्ट १९७२. यंदाच नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आलाय, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचा, मुंबईत टॅक्सी चालवणारा कवी. यंदाच दलित पँथर ही संघटना उभी राहिलीय. आणि आज शनिवार पेठेतल्या ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आहे. साने गुरुजींचं साप्ताहिक, सदाशिवी-शनिवारी घरांत टीपॉयवर पडणारं. त्यात ढालेंनी दोन दंड शेजारी-शेजारी मांडलेत: दलित स्त्रीची विटंबना केली तर पन्नास रुपये, राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे. मग ध्वजाबद्दल जे लिहिलंय त्यावर पुढे मोर्चे निघतील, निषेधाची पत्रं येतील.

सध्या मात्र रस्त्याच्या कडेला अंकाभोवती माणसं जमलीत. टोपीवाले एक आजोबा म्हणतात, “हे ‘साधने’त? ‘साधने’त?” सायकल धरून उभा असलेला कॉलेजचा पोरगा म्हणतो, “आकडे खोटे आहेत का, तेवढं सांगा ना काका.” आजोबा उत्तर देत नाहीत, पान उलटतात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागता. सॅकची चेन उघडीच राहिलेली. पोराची नजर आतल्या झेरॉक्सवर पडते.

“हे काय आहे? तुमचं आहे? किंमत काय?”