पेन्सिलीत लपलेला उपग्रह

१९९३ च्या मे महिन्यात कंबोडियाच्या खेड्यापाड्यांत एक अफवा फिरत होती. मतदानाच्या वेळी हातात जी पेन्सिल मिळेल, तिच्या आत एक बारीकसं यंत्र बसवलेलं आहे. ते थेट उपग्रहाशी बोलतं आणि कुणी कुठल्या पक्षासमोर खूण केली हे वरच्यांना तत्काळ कळतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पेन्सिलीतून उपग्रहाला संदेश पाठवायचा तर बॅटरी कुठे बसवणार, अँटेना कुठे लावणार, हे प्रश्न मला आधी पडले. पण थोडा विचार केल्यावर वाटलं, की ही अफवा ज्याने सोडली त्याला निवडणुकीची यंत्रणा चांगली कळत होती. मतपेटी पळवायची, केंद्र जाळायचं, तर माणसं लागतात, बंदुका लागतात. मतदाराच्या मनातला ‘माझं मत गुप्त आहे’ हा विश्वास पळवायला फक्त एक वाक्य पुरतं.

त्या वर्षी कंबोडियात प्रचार न्याय्य होतो आहे की नाही यावर देखरेख करण्याचा जो प्रयोग झाला, तो मला या पेन्सिलीमुळे समजला.

बांबूचा अडसर

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं मेली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने नॉम पेन्ह घेतलं आणि आपल्या मर्जीतलं सरकार बसवलं. पुढे हुन सेन त्याचे पंतप्रधान झाले. या सरकारविरुद्ध तीन गट लढत राहिले: राजपुत्र सिहानुक यांच्या बाजूचा फुन्सिनपेक, सोन सान यांचा गट आणि खुद्द ख्मेर रूज. शेवटी २३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिसमध्ये चारही गटांनी करारावर सह्या केल्या. भारतासह डझनाहून अधिक देशांच्याही त्यावर सह्या आहेत.

करारात म्हटलं होतं, की ‘तटस्थ राजकीय वातावरणात’ मुक्त आणि न्याय्य निवडणूक होईल आणि ती संयुक्त राष्ट्रसंघ स्वतः घेईल. बाहेरून येऊन निरीक्षण करणं संघाला नवीन नव्हतं. पण मतदार नोंदवण्यापासून मतं मोजण्यापर्यंत सगळी निवडणूक स्वतः चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यासाठी ‘अन्टॅक’ नावाचं तात्पुरतं प्राधिकरण उभं राहिलं. प्रमुख होते जपानी मुत्सद्दी यासुशी आकाशी, सेनापती ऑस्ट्रेलियाचे जनरल जॉन सँडरसन. सैनिक, पोलीस आणि मुलकी अधिकारी मिळून सुमारे बावीस हजार माणसं. त्यात भारतीय सैन्याची एक बटालियनही होती.

मे १९९२ मध्ये आकाशी आणि सँडरसन पैलिनजवळच्या ख्मेर रूजच्या इलाख्यात जायला निघाले. रस्त्यात एक बांबू आडवा टाकलेला होता आणि शेजारी मोजके सैनिक उभे होते. त्यांनी सोडायला नकार दिला आणि अन्टॅकचे दोन्ही प्रमुख परत फिरले. या प्रसंगावरून पुढे त्यांची बरीच चेष्टा झाली. पण देखरेखीच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा होता: देशाचा एक भाग यापुढे दिसणार नव्हता. ख्मेर रूजने शस्त्रं खाली ठेवली नाहीत, पक्ष म्हणून नोंदणी केली नाही आणि निवडणुकीवर बहिष्कार टाकला.

पंच आणि मैदान

‘तटस्थ वातावरण’ हे शब्द लिहायला सोपे आहेत. प्रत्यक्षात एका बाजूला वीस नोंदणीकृत पक्ष आणि दुसऱ्या बाजूला त्यांतल्याच एका पक्षाच्या हातात अख्खं सरकार. पोलीस, गावप्रमुख, शिक्षक, सरकारी रेडिओ आणि टीव्ही, सगळं हुन सेन यांच्या पीपल्स पार्टीच्या ताब्यात. आपल्याकडे आचारसंहिता लागली की सरकारी गाडीतून प्रचाराला जाण्यावरून बोंब होते. इथे गाडीचा ड्रायव्हर, गाडीचा मालक आणि गाडीची तपासणी करणारा पोलीस, तिघेही एकाच पक्षाचे.

करारानुसार पाच खाती अन्टॅकच्या थेट नियंत्रणाखाली यायची होती: परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, अंतर्गत सुरक्षा आणि माहिती. कागदावर हे फार जबरदस्त वाटतं. पण परदेशी अधिकाऱ्यांना ख्मेर भाषा येत नव्हती. खरा कारभार खात्यांच्या फायलींत नसून पक्षाच्या साखळीतून चालत होता, आणि त्या साखळीवर नियंत्रण ठेवण्याचं कलम करारात कुठेच नव्हतं. मग अन्टॅकने फिरती तपासणी पथकं काढली. ती प्रांतांच्या कचेऱ्यांत जाऊन कागदपत्रं उलगडत. सरकारी नोकरांना पक्षाच्या कामाला जुंपल्याचे पुरावे त्यांना तिथे मिळाले.

१९९२ च्या अखेरीस विरोधी पक्षांच्या कार्यालयांवर ग्रेनेड पडू लागले, कार्यकर्ते मारले जाऊ लागले. अन्टॅकच्या पोलिसांना तोवर अटकेचाही अधिकार नव्हता. ६ जानेवारी १९९३ रोजी आकाशींनी आदेश काढून तो दिला आणि विशेष अभियोक्त्याचं पद निर्माण केलं. काही जणांना पकडलंही. पण सरकारी न्यायालयं त्यांच्यावर खटले चालवायला राजी नव्हती. सरकारी तुरुंगही त्यांना घेईनात, तेव्हा अन्टॅकला स्वतःची कोठडी उघडावी लागली. पंचाच्या हातात शिट्टी आली, पण खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची सोय नव्हती.

अधिकृत प्रचार ७ एप्रिलला सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी काँपाँग थोम प्रांतात निवडणुकीचं काम करणारा पंचविशीतला एक जपानी स्वयंसेवक आणि त्याचा कंबोडियन दुभाषा यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी मार्चमध्ये तोन्ले साप सरोवरावरच्या व्हिएतनामी कोळ्यांच्या तरंगत्या वस्तीत तीसहून अधिक जणांचं हत्याकांड झालं होतं. मार्च ते मे या मधल्या अडीच महिन्यांत अन्टॅकच्या नोंदीनुसार सुमारे २०० माणसं हिंसाचारात मेली. बहुतेकांचं खापर ख्मेर रूजवर होतं, पण सरकारी बाजूच्या खात्यावरही खून होते.

शून्य तक्रारी

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. एका ठिकाणी मी कामाला असताना आमच्या प्रणालीवर लक्ष ठेवणारा डॅशबोर्ड मी बनवला होता. एका शाखेतून येणाऱ्या तक्रारी महिन्याभरात कमी कमी होत शून्यावर आल्या. मीटिंगमध्ये मी तो हिरवा चौकोन अभिमानाने दाखवला. नंतर कळलं, की तिथल्या लोकांनी तक्रार करणंच सोडून दिलं होतं. तक्रार केली की साहेबांकडून बोलणी बसत. माझा आकडा बरोबर होता आणि माझा निष्कर्ष साफ चुकला होता.

प्रचारावर देखरेख करणाऱ्यांपुढे हाच पेच असतो, फक्त चुकीची किंमत माणसाच्या जिवात मोजावी लागते. ज्या जिल्ह्यातून एकही तक्रार आली नाही तो शांत जिल्हा, की सगळ्यात घाबरलेला जिल्हा? जिथे विरोधी पक्षाची एकही सभा उधळली गेली नाही, तिथे सभा घ्यायची हिंमत तरी कुणाची झाली का? घटना मोजता येतात. न घडलेली सभा आणि न उच्चारलेलं वाक्य मोजायला तक्त्यात रकाना नसतो.

अन्टॅकच्या माणसांना हे पुरतं कळलं होतं, असं त्यांच्या कामावरून वाटतं. विरोधी पक्षांच्या धोक्यातल्या कार्यालयांवर त्यांनी पहारे बसवले. सगळ्या पक्षांना एकाच व्यासपीठावर आणणाऱ्या सभा त्यांनी स्वतः भरवल्या. एकट्या पक्षाच्या सभेला जायला जो घाबरतो, तो सगळ्यांच्या सभेला जाऊ शकतो. आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं.

रेडिओ

रेडिओ अन्टॅकवर विसाही पक्षांना दर आठवड्याला वेळ मिळे. कुणावर खोटा आरोप झाला तर त्याला उत्तराचा हक्क होता. जपानमधून लोकांनी वापरलेले ट्रान्झिस्टर गोळा करून पाठवले आणि ते खेडोपाडी वाटले गेले. सरकारी केंद्रावर एकच आवाज ऐकत आलेल्या माणसांना पहिल्यांदाच लागोपाठ वेगवेगळ्या पक्षांची माणसं बोलताना ऐकू आली.

पण रेडिओचं सगळ्यात मोठं काम एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगण्याचं होतं: तुमचं मत गुप्त आहे. गावागावांत मतदार ओळखपत्रं काढून घेतली जात होती, त्यांचे क्रमांक उतरवले जात होते, पक्षाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घ्यायला लावल्या जात होत्या. अन्टॅकला हे सगळं थांबवता आलं नाही. म्हणून रेडिओने लोकांना सांगितलं, की शपथ कुणीही घ्यायला लावो, आत पडद्यामागे गेल्यावर तुम्ही आणि कागद, तिसरं कुणी नाही. मतमोजणीही गावात न करता प्रांताच्या पातळीवर झाली, म्हणजे अमुक गावाने कुणाला मत दिलं हे गावप्रमुखाला समजू नये. आपल्याकडे मतदान यंत्रांमुळे केंद्रनिहाय आकडे उघड होतात आणि कुठल्या वस्तीने ‘आपलं काम केलं नाही’ हे उमेदवाराला समजतं. तेव्हा या साध्या व्यवस्थेचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

निकाल

मतदानाआधी आकाशींनी तीन कसोट्या सांगितल्या होत्या: प्रचार आणि मतदान हिंसा व धाकदपटशाने किती डागाळलं, सत्ताधाऱ्यांनी सरकारी यंत्रणेचा किती गैरफायदा घेतला, आणि मतदानाची तांत्रिक बाजू किती चोख होती. पहिल्या दोन कसोट्यांवर, प्रचारापुरतं बोलायचं तर, ही निवडणूक नापास होती.

आणि तरी २३ ते २८ मे दरम्यान सुमारे ४७ लाख नोंदणीकृत मतदारांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक येऊन मत देऊन गेले. पहाटेपासून रांगा लागल्या. ज्या हल्ल्यांची सगळ्यांना धास्ती होती, ते त्या प्रमाणात झालेच नाहीत. १२० पैकी फुन्सिनपेकला ५८ जागा मिळाल्या, पीपल्स पार्टीला ५१. पोलीस, गावप्रमुख, टीव्ही सगळं हाताशी असलेला पक्ष हरला. ज्यांनी शपथा घेतल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जणांनी पडद्यामागे वेगळीच खूण केली असणार. पेन्सिलीतला उपग्रह त्यांनी झुगारून दिला.

२९ मे रोजी, मोजणी पुरी व्हायच्या आधीच, आकाशींनी निवडणूक मुक्त आणि न्याय्य झाल्याचं जाहीर केलं. यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. सुमारे २०० प्रेतांवर ‘न्याय्य’ असा शिक्का मारता येत नाही. माझ्या मते दोन वेगळी वाक्यं म्हणायला हवी होती: प्रचार न्याय्य नव्हता, मत मात्र खरं आहे. शिक्का एकच असला की दोन्ही सत्यं त्यात मावत नाहीत.

पुढचं कटू आहे. पराभूत पक्षाने निकाल नाकारला. जूनमध्ये पूर्वेकडचे काही प्रांत फुटून निघण्याची घोषणा झाली आणि काही दिवसांतच विरून गेली. पण धमकी कामाला आली. देशाला दोन पंतप्रधान मिळाले: पहिले राजपुत्र रणरिद्ध, दुसरे हरलेले हुन सेन. जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी बळाच्या जोरावर रणरिद्धांना दूर केलं. २०१७ मध्ये प्रमुख विरोधी पक्ष न्यायालयाने विसर्जित केला आणि २०१८ मध्ये पीपल्स पार्टीने सगळ्याच्या सगळ्या १२५ जागा घेतल्या. आता खेड्यात अफवा सोडायची गरजही उरलेली नव्हती.

मग १९९३ चा सगळा खटाटोप वाया गेला का? मला तसं म्हणवत नाही. अन्टॅकला हिंसा थांबवता आली नाही, सरकारी यंत्रणा वेगळी काढता आली नाही, निकालाची अंमलबजावणीही करून घेता आली नाही. पण त्या सहा दिवसांत लाखो माणसांनी, घरात कुणीतरी मारलं गेलेल्या माणसांनी, एक साधी लाकडी पेन्सिल हातात घेतली आणि ती पेन्सिलच आहे यावर विश्वास ठेवला. असुरक्षित देशात देखरेखीला यापेक्षा मोठं यश मिळत असेल असं मला वाटत नाही. त्या विश्वासाचं रक्षण पुढे कुणी करायचं, हे मात्र पॅरिसच्या करारात लिहिलेलं नव्हतं.