‘स्टिंकी’ जिंकला, पुढे काय?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाले की फोटो निघतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागते. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारत नाही. म्हणून अमेरिकेतल्या एका स्पर्धेची हकीकत आज मला सांगावीशी वाटते.

साल २००४. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स हे वाळवंटातले शहर. तिथल्या कार्ल हेडन हायस्कूलमधील ॲलन कॅमेरॉन आणि फ्रेडी लाजवर्दी या शिक्षकांनी चार विद्यार्थ्यांकडून पाण्याखाली काम करणारा यंत्रमानव बनवून घ्यायचे ठरवले. चौघेही गरीब घरचे, मेक्सिकोत जन्मलेले. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रे कोणाकडेच नव्हती. स्पर्धा कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठात. शिक्षकांनी त्यांना मुद्दाम महाविद्यालयांच्या गटात उतरवले. हरायचेच, तर एमआयटीसारख्या संस्थेकडून हरलेले बरे, असा साधा हिशेब!

जेमतेम आठशे डॉलर जमले. त्यातून नळकामाचे पीव्हीसी पाइप आणले. ते जोडण्याच्या सोल्युशनचा वास इतका उग्र, की यंत्राचे नावच ‘स्टिंकी’, म्हणजे दुर्गंध्या, असे पडले. स्पर्धेच्या तोंडावर विजेच्या जोडण्यांच्या पेटीत पाणी झिरपू लागले. मुलांनी पेटीत टॅम्पॉन ठेवले. मासिक पाळीसाठी बनवलेल्या या कापसाच्या बोळ्यांनी पाणी शोषून घेतले. अखेर स्टिंकी पहिला आला, एमआयटी दुसरी. तांत्रिक लेखनाचे बक्षीसही घरी स्पॅनिश बोलणाऱ्या याच मुलांनी नेले.

ही हकीकत २०१५ च्या ‘स्पेअर पार्ट्स’ चित्रपटामुळे बऱ्याच जणांना ठाऊक झाली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव ३००’ मंजूर केला. कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांची, राज्यातील रहिवाशांना मिळणारी फीची सवलत बंद झाली. चौघांपैकी ऑस्कर वास्केझने तरीही २००९ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळवली. कायदेशीर परवाना मिळावा म्हणून तो मेक्सिकोला गेला, तर त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली. सिनेटर डिक डर्बिन यांनी प्रकरण लावून धरले, तेव्हा कुठे २०१० मध्ये तो परतला आणि अमेरिकी सैन्यात भरती झाला. फीची सवलत पुन्हा मिळाली ती २०२२ मध्ये, ‘प्रस्ताव ३०८’ मंजूर झाल्यावर.

स्पर्धेत परीक्षकांनी एवढेच पाहिले, की तुम्ही काय बनवलेत आणि ते का चालते. बाहेर राहिलेल्या मुलांना विज्ञानाशी जोडण्याची स्पर्धेची ताकद इथेच आहे. पण ती ताकद त्या तलावाच्या काठापर्यंतच पुरते. गुणवत्ता शोधणे दोन शिक्षकांना आठशे डॉलरमध्ये जमले. तिला वाट मोकळी करून द्यायला राज्याला सोळा वर्षे लागली.

आपल्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तुम्ही जाल, तेव्हा मांडलेली उपकरणे जरूर पाहा. मग त्या मुलाला किंवा मुलीला आणखी एक प्रश्न विचारा : बाळा, पुढच्या शिक्षणाचे काय ठरले आहे?