स्वादुपिंडातील खडे आणि त्रावणकोरचा कंद

बदलीच्या नोकरीत आम्ही काही वर्षे तिरुवनंतपुरम येथे काढली. कचेरीत शेजारच्या मेजावरील एक तरुण सहकारी जेवणानंतर पोट दाबून पुढे वाकून बसे. कोणी पित्त म्हणे, तर कोणी हळूच दारूचे नाव घेई. आम्हीही त्या कुजबुजीत सामील होतो. पुढे क्ष-किरण चित्रात पाठीच्या कण्यालगत पांढरे खडे दिसले, आणि ज्याने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता त्याच्याविषयी आपण काय बोललो, याची आम्हांस लाज वाटली. त्या लाजेपोटीच आम्ही या विकाराचा इतिहास धुंडाळला.

स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असल्याने ते वैद्यांस फार उशिरा उमगले. 1788 साली टॉमस कॉली या इंग्रज वैद्याने मधुमेहाने मरण पावलेल्या एका रोग्याच्या स्वादुपिंडात खडे आढळल्याचे नोंदविले. परंतु त्याचा अर्थ लागावयास शंभर वर्षे जावी लागली. 1889 साली मेरिंग व मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्यास मधुमेह झाला, तेव्हा कोठे या दोहोंचे नाते सिद्ध झाले.

पाश्चात्त्य देशांत या जुनाट दाहाचे मुख्य कारण मद्य ठरले. 1959 साली झाउडेमा यांनी इंडोनेशियातील कुपोषित रोग्यांत असेच खडे वर्णिले. त्याच सुमारास केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीज यांस दारू न पिणारी, बहुधा गरीब घरची तरुण मुले या व्याधीने पीडित दिसू लागली: बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू. त्यांचा या विषयावरील ग्रंथ 1968 साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला, हे वाचून आम्हां मराठी माणसांस विशेष समाधान वाटले.

मग दोष कोणाचा? संशय कप्प्यावर गेला. ज्यापासून आपला एकादशीचा साबुदाणा होतो तोच हा कंद. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (राज्यकाल 1880 ते 1885) यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा याच कंदाने गरिबांस जगविले. त्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणून 1979 साली मॅकमिलन व गीवर्गीज यांनी त्याकडे बोट दाखविले. परंतु कप्पा न खाणाऱ्यांतही हा विकार आढळला, आणि आरोप सिद्ध झाला नाही. 2002 साली भारतीय संशोधकांनी अशा अनेक रोग्यांत ‘स्पिंक1’ या जनुकातील दोष दाखविला. तोही एकटा पुरेसे कारण नव्हे; तो केवळ प्रवृत्ती देतो.

निदान आता पूर्वीइतके दुष्कर नाही. पाठीकडे जाणारी व जेवणानंतर वाढणारी पोटदुखी, तेलकट शौच, घटते वजन, तरुणपणी मधुमेह, ही लक्षणे दिसता सीटी स्कॅन वा दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी उलगडा करते. एकदा चट्टे पडून कठीण झालेले पिंड पूर्ववत होत नाही. मात्र रोग्याचे जीवन सावरता येते. मद्य व तंबाखू वर्ज्य करणे, प्रत्येक जेवणाबरोबरच पाचकद्रव्यांच्या कॅप्सुला घेणे, गरजेप्रमाणे इन्सुलिन, नलिकेतील खडे ध्वनिलहरींच्या आघाताने फोडणे किंवा शस्त्रक्रिया, हे उपाय आहेत. पुढे कर्करोगाचा धोका वाढत असल्याने नियमित तपासणी चुकवू नये.

आमचा सहकारी आज डब्यासोबत कॅप्सूल घेतो व नेमाने कामावर येतो. रोगाचे कारण शोधताना शास्त्रज्ञांनी आधी मद्याला, मग कंदाला दोषी धरले. परंतु पुरावा येताच त्यांनी आपला निवाडा बदलला. आम्ही कचेरीतल्या माणसांनी तर पुराव्याची वाटही पाहिली नव्हती. परमुलखात शेजारच्या मेजावरील माणूस हाच आपला आप्त असतो. त्याच्या दुखण्याला नाव देण्याआधी त्यास तपासणीस नेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.