मॉस्कोतली एक भेट आणि वळिवड्याची छावणी

आजच्या गप्पांची सुरुवात मॉस्कोत आहे आणि शेवट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. वाट लांबची आहे, तेव्हा हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवूनच ऐका.

तारीख होती २० मे १९३९. रशियात, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघात, परराष्ट्र खात्याला नवा मंत्री मिळून जेमतेम अडीच आठवडे झाले होते. त्याचं नाव मोलोतोव्ह. त्याच्याशी बोलायला जर्मनीचा राजदूत आला, त्याचं नाव शुलेनबुर्ग. राजदूत म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या दारात बसवलेला आपला माणूस. मराठेशाहीत त्याला वकील म्हणत. त्याची कामं दोन. आपल्या धन्याचं म्हणणं पोचवायचं आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं. पहिलं काम कोणीही करील. दुसऱ्याला कसब लागतं.

आता हा मंत्री नवा का आला, ते आधी सांगायला हवं. आधीचा मंत्री लित्विनोव्ह १९३०पासून खातं सांभाळत होता. इंग्लंड आणि फ्रान्सशी हात मिळवून हिटलरला आवर घालावा, असं त्याचं धोरण. त्यातून तो ज्यू. आणि जर्मनीत हिटलरचं सरकार ज्यूंच्या जिवावर उठलेलं. मे महिन्याच्या दोन तारखेला लित्विनोव्ह इंग्रज राजदूताशी नेहमीसारखा बोलला आणि तीन तारखेला त्याचं पद गेलं. चार तारखेच्या पेपरात लोकांनी वाचलं, की आता मोलोतोव्ह.

मोलोतोव्ह खात्याला नवा असला तरी राज्याला नवा नव्हता. तो १९३०पासून सरकारचा प्रमुखच होता, स्टालिनचा उजवा हात. मोलोतोव्ह हे त्याचं टोपणनाव, रशियन भाषेतल्या हातोड्यावरून घेतलेलं. टेबलाशी इतका वेळ चिकटून बसायचा की सोबतचे लोक त्याला ‘दगडी बुडाचा’ म्हणत. परदेशी लोकांशी वाटाघाटी करायचा अनुभव मात्र नाही. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

आपल्याकडे नवे तहसीलदार आले की पहिला प्रश्न काय असतो? माणूस कसा आहे? बर्लिनमध्येही तेच चाललं होतं. माणूस बदलला, की धोरणही बदललं?

हे विचारण्याचं कारण होतं. मार्च १९३९मध्ये हिटलरने प्राग घेतलं आणि आता त्याची नजर शेजारच्या पोलंडवर होती. पोलंडवर हल्ला झाला तर आम्ही मदतीला येऊ, असं इंग्लंडने ३१ मार्चला जाहीर केलं होतं. मग रशिया कोणाकडे जाणार? इंग्लंड-फ्रान्सची रशियाशी बोलणी चालू होती. जर्मनी आणि रशिया तर उघड शत्रू, रोज एकमेकांना शिव्या देणारे. तरी रशियाने निदान आडवं येऊ नये, एवढं हिटलरला हवं होतं.

शुलेनबुर्ग तेव्हा ६३ वर्षांचा. जुन्या सरदार घराण्यातला, वागाबोलायला मऊ. १९३४पासून मॉस्कोत होता. जर्मनीने रशियाशी भांडू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. मंत्री बदलला तेव्हा हा गृहस्थ मॉस्कोत नव्हताच. इराणच्या युवराजाच्या लग्नाला गेला होता. तिकडून बर्लिनला जाऊन, सूचना घेऊन परत आला. सूचना अशी, की जपून बोला, घाई दाखवू नका, विषय व्यापाराचा काढा.

त्याप्रमाणे त्याने व्यापाराचा विषय काढला. थांबलेली बोलणी पुन्हा सुरू करू, आमचा अधिकारी मॉस्कोला पाठवतो, असं म्हणाला. त्यावर मोलोतोव्हने आधी एक टोला दिला. मागच्या वेळची तुमची बोलणी खरी नव्हती, व्यापाराच्या नावाखाली तुम्ही राजकारण खेळत होता, असं आम्हाला वाटलं, असं त्याने सुनावलं. आणि मग एक वाक्य टाकलं. व्यापाराची बोलणी पुन्हा होतील, पण आधी त्याला राजकीय पाया घातला पाहिजे.

राजकीय पाया म्हणजे काय? शुलेनबुर्गने परोपरीने विचारलं. मोलोतोव्हचं उत्तर एकच, की त्याचा विचार दोन्ही सरकारांनी करायचा आहे. तासापेक्षा जास्त वेळ दोघे बोलले. मोलोतोव्ह वागायला सौजन्याने वागला. पण ‘पाया’ या शब्दाच्या पुढे एक शब्द सरकला नाही. याच्याकडून याहून जास्त काही काढणं अशक्य होतं, असं राजदूताने बर्लिनला कळवलं. बर्लिनहून उत्तर आलं, आता गप्प बसा, तेच आणखी काही बोलतात का ते पाहू.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जनावरांच्या बाजारात गेलेल्यांनी उपरण्याखालचा सौदा पाहिला असेल. दोघे दलाल हात उपरण्याखाली घालतात, बोटं धरून भाव ठरवतात. भोवती माणसं उभी असतात, त्यांना काही कळत नाही. तोंडाने दोघेही भलतंच बोलत असतात. पहिला आकडा सांगेल तो फसेल, म्हणून दोघेही थांबतात. त्या दिवशी मॉस्कोत हेच झालं. व्यापार हे वरचं उपरणं. खाली बोटं पोलंडवर होती. आणि पोलंडचा माणूस त्या खोलीत नव्हता.

काही लोक म्हणतात, लित्विनोव्हला काढलं त्याच दिवशी सगळं ठरलं होतं. आम्हाला तसं वाटत नाही. मोलोतोव्हने पुढचे तीन महिने दोन्ही दारं उघडी ठेवली. इंग्लंड-फ्रान्सशीही तो बोलत राहिला. पण त्यांचंही मन अर्धवटच होतं. त्यांची लष्करी मंडळी ऑगस्टमध्ये निघाली ती संथ बोटीने. हिटलरचा परराष्ट्रमंत्री मात्र २३ ऑगस्टला विमानाने उतरला आणि त्याच रात्री सही झाली. दहा वर्षं एकमेकांवर हल्ला करायचा नाही, असा करार जगाला दाखवला. सोबत एक गुप्त कागद होता. त्यात नद्यांची नावं लिहून पोलंडचे दोन वाटे पाडले होते. ‘राजकीय पाया’ तो हा.

१ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन. शेताचे वाटे होतात तेव्हा निदान मोजणीला घरची माणसं बांधावर उभी असतात. इथे तेही नाही.

रशियाच्या वाट्याला आलेल्या भागात काय झालं? १० फेब्रुवारी १९४०च्या कडाक्याच्या थंडीत पहिली उचलाउचल झाली. रात्री दार ठोठवायचं, थोड्या वेळात बोचकं बांधायला सांगायचं आणि मालगाडीत घालून सायबेरियाकडे पाठवायचं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, ती मुख्यतः बायका-मुलांची. ज्यांचे नवरे, बाप, मुलगे पकडले गेले होते, त्यांचीच ही घरं. त्यांना कझाकस्तानच्या उघड्या माळावर नेऊन सोडलं. पकडलेल्या पुरुषांपैकी सुमारे २२ हजार जणांना त्याच वसंतात गोळ्या घातल्या. त्या हुकमावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत मोलोतोव्हची सही आहे. बायका पत्रं लिहीत राहिल्या. उत्तरं आली नाहीत.

आता एक गोष्ट जाता जाता. मोलोतोव्हची बायको पॉलिना स्वतः मंत्री होती, १९३९मध्ये मत्स्य खात्याची. तीही ज्यू घरातली. युद्धानंतर स्टालिनची तिच्यावर मर्जी खप्पा झाली. तिला पक्षातून काढायचं ठरलं तेव्हा मोलोतोव्ह मतदानात तटस्थ राहिला, पण मग तटस्थ राहणं चुकलं असं स्टालिनला लिहून दिलं. १९४९मध्ये तिला अटक झाली आणि हद्दपार केलं ते कझाकस्तानातच. स्टालिन गेल्यावर १९५३मध्ये ती सुटली. त्या माळावरून आधी गेलेल्या पोलिश बायकांची तिला आठवण झाली का, कोण सांगणार!

शुलेनबुर्ग आणि मोलोतोव्ह यांची युद्धापूर्वीची शेवटची भेट २२ जून १९४१च्या पहाटे झाली. आदल्या रात्रीच मोलोतोव्हने त्याला बोलावून विचारलं होतं, जर्मनी आमच्यावर नाराज आहे का? राजदूताकडे उत्तर नव्हतं. पहाटे मात्र लेखी निरोप होता. म्हणजे युद्ध. दोन वर्षांपूर्वी एक अक्षर न सोडणारा मोलोतोव्ह तेव्हा हादरला होता. आमचं काय चुकलं, असं विचारत होता. शुलेनबुर्ग स्वतः या युद्धाच्या विरोधात होता, हिटलरला समजावून आला होता. पुढे हिटलरला मारण्याच्या कटात त्याचं नाव आलं आणि नोव्हेंबर १९४४मध्ये त्याला फाशी दिलं. त्याची कणव येते. पण पोलंडच्या वाटणीचा करार घडवून आणण्यात त्याचे हात होते, हेही खरं.

जर्मनी उलटल्यावर रशियाला पोलंडची गरज पडली. जुलै १९४१मध्ये दोघांत समझोता झाला आणि हद्दपार पोलिश लोकांना मोकळं केलं. मोकळं म्हणजे काय, तर जिथे आहात तिथून तुमचे तुम्ही निघा. उपाशी, तापाने फणफणलेली माणसं दक्षिणेकडे निघाली. १९४२मध्ये लाखाहून जास्त सैनिक, बायका, मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. वाटेत किती गेली, त्याचा नीट हिशेब नाही.

तिथून पुढे कुठे? काही पोरकी मुलं गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला आली, तिथे जामसाहेबांनी आसरा दिला. आणि १९४३मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष एक तर सैन्यात, नाही तर गेलेले. बर्फातून आलेल्या त्या बायकांनी पंचगंगेच्या काठी संसार मांडला. बराकींतून राहायच्या. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. आजूबाजूच्या गावांतले लोक भाजीपाला, दूध घेऊन जायचे. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण बाजारहाट कोणत्या भाषेत अडतो?

युद्ध संपलं तेव्हा या बायकांना घरी जाता यायला हवं होतं. पण ज्या गावांतून त्यांना उचललं होतं, त्यांतली बहुतेक आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. पूर्वेचा वाटा रशियाने ठेवून घेतला. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेलं, कोणी आणखी कुठे, काही नव्या पोलंडमध्ये. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. शहरात गेलात तर जरूर पाहा.

तो गुप्त कागद नव्हताच, असं मोलोतोव्ह म्हणत राहिला. १९८६मध्ये तो वारला, वय ९६. कागद खरा होता, हे रशियाने कबूल केलं ते डिसेंबर १९८९मध्ये. वळिवड्याच्या शाळेत पाढे म्हटलेल्या मुली तेव्हा पन्नाशी-साठीला आल्या होत्या.