होशंगाबादचा धडा : खेळ, प्रश्न आणि परीक्षा

सायकलच्या व्हॉल्व्हमधल्या बारीक रबरी नळीचे सेंटीमीटरभर तुकडे कापावेत आणि त्यांत दोन्ही बाजूंनी काडेपेटीतल्या काड्या खोचाव्यात. सांधे तयार होतात. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच कलंडतो. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच बनतो. चार बाजूंची लांबी ठरवली तरी चौकोन असंख्य बनू शकतात. रेल्वेच्या लोखंडी पुलांत त्रिकोणांची रांग का असते, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने चौथीतल्या मुलाच्या बोटांना आधी कळते आणि शब्द मागाहून येतात.

हा खेळ आज देशभरातल्या शाळांत खेळला जातो. तो घडवणारे अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. १९७८ मध्ये पुण्यातील टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात गेले. तिथल्या खेड्यांत सहज आणि स्वस्त मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांची खेळणी जन्मली. पण होशंगाबादची कथा खेळण्यांहून मोठी आहे. प्राथमिक शाळेत विज्ञान खेळातून शिकवायचे म्हणजे नेमके काय बदलायचे, याचे भारतातील सर्वांत प्रदीर्घ उत्तर तिथे शोधले गेले.

खेळातून शिक्षण ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच शैक्षणिक साधने केले. मात्र हे काम मुख्यतः शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी होते. विज्ञान हा विषय, त्याचे पाठ्यपुस्तक आणि त्याची परीक्षा हे प्रश्न त्या अंगणात अजून आलेले नव्हते.

ते आले स्वातंत्र्यानंतर. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्व विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवावे, अशी शिफारस केली. विज्ञान खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचले, पण प्रयोगशाळा पोहोचली नाही. ऑक्सिजनचे गुणधर्म मुले पाठ करू लागली.

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत एक प्रयोग सुरू झाला. त्यामागे रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि ‘किशोर भारती’ या दोन संस्था होत्या. ‘किशोर भारती’चे संस्थापक अनिल सदगोपाल हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधनकार्य सोडून आलेले शास्त्रज्ञ. याच संस्थेतील इतर शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही या कामात उतरले. सहावी ते आठवी, म्हणजे उच्च प्राथमिक वर्गांसाठी त्यांनी शिक्षकांसह ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके तयार केली. या पुस्तकांत प्रयोग कसा करायचा हे होते आणि त्यावर प्रश्न होते. उत्तरे मात्र छापलेली नव्हती. ती मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करून वहीत लिहायची होती.

संभाव्यतेचा धडा घ्या. प्रत्येक मूल दहा वेळा नाणे उडवते. नेमके पाच वेळा छाप येण्याची शक्यता साधारण चारात एक, म्हणून बहुतेकांची नोंद पाचाहून वेगळी येते. कुणाला तीन, कुणाला सात. पाठांतराची सवय असलेल्या वर्गात यावर पहिली प्रतिक्रिया ‘माझे चुकले’ अशीच होणार. मग चाळीस मुलांच्या चारशे फेकी फळ्यावर एकत्र मांडल्या, की छापांची संख्या बहुधा १८० ते २२० च्या दरम्यान पडते. एकट्याचा निकाल बेभरवशाचा, पण समूहाचा निकाल बराच स्थिर. वायूतील असंख्य रेणूंच्या स्वैर धावपळीतून ठराविक दाब कसा निर्माण होतो, हे समजून घेण्याची वाट याच फळ्यापासून सुरू होते. तीन छाप आलेल्या मुलाची नोंद खोडली, तर धडाच नष्ट होतो.

इथे खेळाचे मर्म उघड होते. खेळाचा निकाल शिक्षकालाही आधी ठाऊक नसतो. ज्या वर्गात ‘बरोबर उत्तर’ आधीच ठरलेले आहे, तिथे नाणी उडवणे ही केवळ करमणूक उरते. होशंगाबादच्या मंडळींनी हे ओळखले आणि म्हणून साहित्याच्या पेटीवर न थांबता त्यांनी भोवतालची सारी व्यवस्था हलवली. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे सुरू झाली आणि तिथे शिक्षकांनी स्वतः प्रयोग केले, स्वतः चुकले. दरमहा बैठका होऊ लागल्या. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून वाटेल ते विचारू शकत आणि त्यांना उत्तरे जात. सर्वांत धाडसी बदल परीक्षेत झाला. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा मिळाली आणि प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाऊ लागली. मुलाने स्वतः केलेल्या नोंदीला शासनमान्य परीक्षेत किंमत आली.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली. ज्या लहान मुलांपासून खरी सुरुवात व्हायला हवी, त्या पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ‘एकलव्य’ने १९८७ मध्ये ‘प्राथमिक शिक्षण कार्यक्रम’ हाती घेतला. त्यात भाषा, गणित आणि परिसर एकाच ‘खुशी-खुशी’ या पुस्तकात गुंफले होते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांच्या मार्गदर्शनाखाली प्राथमिक वर्गांसाठी ‘हलके-फुलके विज्ञान’ ही मालिका आकाराला आली. मूल आधी पाहते, हाताळते, मग चित्र काढते आणि नंतर शब्दांत मांडते, हा तिचा क्रम.

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तोवर तो राज्याच्या अनेक जिल्ह्यांत, सुमारे हजार शाळांत पोहोचला होता. देशातील अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षांचे काम एका सरकारी निर्णयाने थांबू शकते, हाही या इतिहासाचा भाग आहे.

विचार मात्र थांबला नाही. होशंगाबादच्या प्रयोगाला आरंभापासून पाठबळ देणारे भौतिकशास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. त्यानंतर आलेली तिसरी ते पाचवीची एनसीईआरटीची परिसर अभ्यासाची पुस्तके माहिती देण्यापेक्षा विचारण्यावर भर देत होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळणी-आधारित शिक्षण हा अधिकृत शब्दप्रयोग झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि पत्ते असलेला ‘जादुई पिटारा’ देशासमोर आला. भावनगरच्या बालमंदिरातील कल्पना शंभर वर्षांनी केंद्र सरकारचे धोरण बनली, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही होशंगाबादचा धडा विसरता येणार नाही. पेटी शाळेत पोहोचवणे तुलनेने सोपे असते. अवघड आहे ते पेटी उघडल्यानंतर मुलाला वेगळे उत्तर येण्याची मुभा देणे, ‘मला माहीत नाही, आपण करून पाहू’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणे आणि वर्षअखेरच्या प्रश्नपत्रिकेत त्या वेगळ्या उत्तराला गुण देणे. नाणे उडवून तीन छाप मोजलेले मूल परीक्षेत भीतीपोटी पाच लिहीत असेल, तर त्या वर्गात खेळ आला आहे, विज्ञान अजून यायचे आहे.