‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ : कलम 6 वरील भाष्य

कतारमधल्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या भाषेत ‘सनैया’त, गॅरेजं, गोदामं आणि लेबर कॅम्पांमध्ये राहणारे बहुतेक भारतीय पुरुष बायकोमुलांना गावी ठेवून आलेले असतात. कुटुंबाचा व्हिसा मिळावा एवढा त्यांचा पगार नसतो. संसार मोडायला आला की मुलावर हक्क कोणाचा, हा वाद पेटतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी त्याचं उत्तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, मुख्यतः त्याच्या कलम 6 मध्ये, शोधावं लागतं. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा आणि 1890 चा पालक व पाल्य कायदा लागू होतो.

‘अज्ञान मुलाच्या शरीराबाबत आणि मालमत्तेबाबत नैसर्गिक पालक...’

अज्ञान म्हणजे अठरा वर्षं पुरी न झालेलं मूल. ताबा आणि पालकत्व यांत इथेच गल्लत होते. मूल ज्याच्यापाशी राहतं, जेवतं, निजतं त्याच्याकडे ताबा. मुलाच्या वतीनं सही करण्याचा, त्याचं पुढचं ठरवण्याचा अधिकार ते पालकत्व. बाप सनैयात आणि मूल गावी आईपाशी असेल तर ताबा उघडच आईकडे असतो. अडतं ते बँकेत आणि पासपोर्टच्या अर्जावर.

‘...वडील,’

पहिला मान बापाला. हे शब्द आजही तसेच आहेत. ते बदलायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘आणि त्यांच्यानंतर आई;’

सगळा वाद या ‘नंतर’चा. बाप जिवंत असेतो आईला अधिकार नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावला जाई. त्याला पहिला तडा गेला 1970 साली, जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या खटल्यात. आईबाप वीसहून अधिक वर्षं वेगळे राहत होते, मुलीचा सगळा व्यवहार आईच पाहत होती. बाप हयात असूनही सर्वोच्च न्यायालयानं आईलाच नैसर्गिक पालक मानलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले, तेव्हा बँकेनं बापाची सही मागितली. 1999 च्या निकालात न्यायालय म्हणालं : ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, बापाच्या अनुपस्थितीत. ही अनुपस्थिती कशी ओळखायची तेही सांगितलं. बाप मुलाबाबत पूर्ण उदासीन असेल. किंवा दोघांच्या संमतीनं सगळी जबाबदारी आईवर असेल. किंवा बाप आई-मुलापासून दूर राहत असल्यामुळे वा आजारपणामुळे मुलाकडे पाहू शकत नसेल.

सनैयातल्या घरांसाठी यातलं ‘दूर राहत असल्यामुळे’ हे कारण सर्वांत मोलाचं आहे, कारण त्यात बापावर ठपका नाही. दर महिन्याला पैसे पाठवणारा, रोज फोन करणारा बाप उदासीन नसतो. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे कतार सरकारनं इंडस्ट्रियल एरियाचा रस्ता क्रमांक 1 ते 32 हा भाग बंद केला, तेव्हा आत अडकलेला बाप मनात आणूनही घरी येऊ शकत नव्हता. तो वाईट ठरल्याशिवाय आईला अधिकार नाही, असं या निकालानंतर कोणी म्हणू शकत नाही.

‘परंतु पाच वर्षं पुरी न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहील.’

पाचवं सरलं की पोर आपोआप बापाचं, हा गैरसमज सासरची माणसं फार लवकर उचलतात. कलमात तसं कुठेही म्हटलेलं नाही. कतारच्या 2006 च्या कुटुंब कायद्यात आईच्या ताब्यासाठी मुलग्याला तेरा आणि मुलीला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. गावी वाढणाऱ्या मुलाला ती लागू नाही.

त्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 13 : ‘मुलाचं हित हाच सर्वोच्च विचार.’

सहाव्या कलमातला क्रम या वाक्यापुढे दुय्यम आहे. मुलाचं हित साधत नसेल तर न्यायालय पालकत्व नाकारू शकतं, आईलाही आणि बापालाही. बापाचं नातं मात्र त्यामुळे तुटत नाही. 2020 च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आईबाप वेगळ्या देशांत असतील तर दूरच्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचा हक्क असायला हवा. मुलाच्या शरीराबाबत पालक नेमण्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो, दोह्यात नव्हे.

सनैयातल्या बापांना एकच विनंती : भांडण बायकोशी असेल तर मुलाच्या पासपोर्टवरची सही अडवू नका. आणि गावच्या आयांनो, मुलाला येणारा बापाचा फोन बंद करू नका.