दाराशी आलेला शेजारी आणि घरातली सून : जपानमधील वृद्धसेवेच्या इतिहासाचे एक वाचन

आरियोशी सावाको या जपानी लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीतच तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. १९८४ मध्ये इंग्रजी अनुवाद आला आणि प्रस्तुत लेखकासारख्या जपानी न येणाऱ्या वाचकांना ती उपलब्ध झाली. कादंबरीची नायिका आकिको ही वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी स्त्री. सासू अकस्मात मरण पावते आणि सासऱ्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली आहे हे त्याच वेळी ध्यानात येते. सासरे पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, मुलीला ओळखत नाहीत. ओळखतात ते सुनेला, जिला त्यांनी आयुष्यभर टोचून बोलण्यापलीकडे काही दिले नाही. सरकारच्या वृद्धकल्याण खात्यातली बाई एकदा घरी येऊन जाते. तिच्याकडे सहानुभूती असते, माहिती असते, पण द्यायला काही नसते. मनोरुग्णालय किंवा घर, एवढेच दोन पर्याय ती पुढे ठेवते, आणि घर म्हणजे कोण हे तिने उच्चारावे लागत नाही.

या भेटीच्या प्रसंगाकडे केवळ कथानकातला एक टप्पा म्हणून पाहिले तर त्याचे ऐतिहासिक वजन लक्षात येत नाही. कारण १९७२ पर्यंत जपानमध्ये गरजूंच्या दारी जाणाऱ्या बिनपगारी नागरिकांची परंपरा पंचावन्न वर्षांची झाली होती. जगात इतक्या सलगपणे आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर चाललेली अशी परंपरा विरळाच. मग तिच्याजवळ आकिकोला देण्यासारखे काही का नव्हते? वृद्धांनी आपल्याच घरी, आपल्या पायांवर राहावे म्हणून शेजाऱ्यांनी केलेल्या कामाचा इतिहास या प्रश्नाच्या बाजूने वाचावा, असा या निबंधाचा प्रयत्न आहे.

परंपरेचा आरंभ १९१७ साली ओकायामा प्रांतात झाला. प्रांतातील गरिबांची स्थिती काय, असे सम्राटांनी तेथील राज्यपालांना विचारले आणि त्या विचारणेतून स्थानिक प्रतिष्ठितांना सल्लागार नेमण्याची पद्धत निघाली. दुसऱ्या वर्षी ओसाका येथे राज्यपाल हायाशी इचिझो आणि समाजकार्याचे अभ्यासक ओगावा शिगेजिरो यांनी तिला पक्के रूप दिले. हायाशी यांच्याविषयी एक कथा आजही सांगितली जाते. ते केशकर्तनालयात बसले असता समोरच्या आरशात त्यांना रस्त्यावर संध्याकाळची वर्तमानपत्रे विकणारी एक स्त्री आणि तिचे मूल दिसले. त्यांनी पोलिसाकरवी चौकशी केली. नवरा आजारी, घरात मुले, असे कळले. एका गल्लीत असे एक घर असेल तर शहरात किती असतील, या विचारातून ‘होमेन-इइन’ म्हणजे विभागवार नेमलेले स्वयंसेवक अस्तित्वात आले.

कथा खरी असो वा घासूनपुसून गुळगुळीत झालेली, तिच्यातला आरसा आणि पोलीस हे दोन तपशील मला महत्त्वाचे वाटतात. दातृत्व येथे पाहण्यातून सुरू होते, आणि तेही पाठमोऱ्याने. नेमलेले लोक बहुतेक दुकानदार, छोटे व्यापारी, त्या वस्तीत मूळ धरून राहिलेले पुरुष होते. ते आपल्या विभागातील गरीब कुटुंबांची कार्डे ठेवत आणि परिस्थितीनुसार त्यांचे वर्ग लावत. ओगावांसमोर जर्मनीतील एल्बरफेल्ड नगराचा १८५३ सालचा नमुना होता. तेथेही मानद नागरिक गरिबांच्या घरी जाऊन पाहणी करीत. मदत करणाऱ्याने आधी पाहायचे, नोंदवायचे आणि मग हात पुढे करायचा, हा क्रम दोन्हीकडे सारखाच. जपानीत आजही या कामासाठी ‘मिमामोरी’ हा शब्द रूढ आहे. ‘पाहणे’ आणि ‘राखणे’ ही दोन क्रियापदे त्यात जोडलेली आहेत. मराठीत ‘नजर ठेवणे’ आणि ‘लक्ष ठेवणे’ यांत जो फरक आपण करतो, तो त्या एका शब्दात मिटून जातो.

या स्वयंसेवकांना केवळ सरकारचे डोळे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९२९ साली संमत झालेला दारिद्र्य-साहाय्याचा कायदा पैशाअभावी अडकून पडला, तेव्हा देशभरच्या होमेन-इइनांनी १९३१ मध्ये थेट सम्राटांकडे अर्ज केला आणि १९३२ साली तो अमलात आला. ज्यांनी कार्डे भरली त्यांनाच त्या कार्डांवरची माणसे आपली वाटू लागली होती. पुढे युद्धकाळात हीच यंत्रणा राष्ट्रकार्याला जुंपली गेली, हेही तितकेच खरे. १९४६ मध्ये नाव बदलून ‘मिन्सेइ-इइन’, म्हणजे लोकजीविकेचे प्रतिनिधी, असे झाले. १९४८ साली स्वतंत्र कायदा आला. १९५० च्या सार्वजनिक साहाय्य कायद्याने गरिबांना मदत मंजूर करण्याचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे गेले आणि मिन्सेइ-इइन साहाय्यकर्ते उरले. अधिकार गेला, घराघरांची ओळख राहिली. या रिकामपणात त्यांना म्हातारी माणसे सापडली, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाही.

वृद्धांच्या घरी जाऊन स्वयंपाक-धुणे करणाऱ्या मदतनीस बायकांचा उपक्रम १९५६ साली नागानो प्रांतात सुरू झाला होता आणि १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने त्याला राष्ट्रीय मान्यता दिली. पण ही मदत प्रामुख्याने अल्प उत्पन्नाच्या, निराधार वृद्धांसाठी होती. ज्याच्या घरी सून आहे तो निराधार कसा? १९६८ साली मिन्सेइ-इइनांनी देशभर पाहणी करून घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची मोजदाद केली. लाखाहून अधिक स्वयंसेवक या कामात होते. सत्तरी ओलांडलेले असे सुमारे दोन लाख वृद्ध आढळले आणि देशात खळबळ उडाली. पाहणीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती : या वृद्धांची सेवा कोण करते? सर्वांत मोठा वाटा सुनांचा होता. मात्र चर्चा झाली ती खिळलेल्यांची. ज्या त्यांच्या उशाशी बसल्या होत्या त्यांच्यासाठी कार्डच नव्हते.

चार वर्षांनी आरियोशींनी ते कार्ड लिहिले, असे मी म्हणेन. कादंबरीत सासऱ्याचे भ्रमिष्टपण जितक्या बारकाईने येते, तितक्याच बारकाईने आकिकोचे तास येतात : रात्रीची जाग, पहाटेची धुणी, कचेरीतून घ्यावी लागणारी रजा. तिच्या मदतीला कोण येते तेही पाहण्यासारखे आहे. शेजारची एक वृद्धा सासऱ्यांवर लोभ जडून त्यांना वृद्धांच्या मंडळात घेऊन जाते, आणि पुढे परसातल्या खोलीत राहायला आलेले विद्यार्थी जोडपे पैसे घेऊन त्यांना सांभाळते. पैसे घेऊनही त्या तरुण मुलीच्या वागण्यात एक मोकळेपणा आहे, जो कर्तव्याने वाकलेल्या घरात नाही. शासन हात हलवत परतते आणि शेजार व भाडेकरू कामाला येतात, ही कादंबरीकर्तीची दृष्टी पुढच्या तीस वर्षांच्या इतिहासाने पुष्कळशी खरी ठरवली.

येथे मराठीकडे वळणे अपरिहार्य आहे, कारण काळ एकच आहे. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले १९७० साली. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ त्याच दशकातले. महाराष्ट्राबाहेर ‘नटसम्राट’ शिकवताना एका अमराठी विद्यार्थिनीने मला विचारले होते, की या घरात आप्पासाहेबांचे रोजचे करते कोण? प्रश्न मला तेव्हा नाटकाबाहेरचा वाटला. आज तसे वाटत नाही. शिरवाडकरांच्या नाटकात वृद्धत्व हे विश्वासघाताचे दुःख आहे : दिले त्यांनीच नाकारले. त्या दुःखाच्या उंचीपुढे रोजच्या कामाचे तास दिसेनासे होतात. कावेरी ते करते, आणि तिच्या मृत्यूनंतरच ती करत होती हे जाणवते. आणि परका मदतनीस? तो आहे. बूटपॉलिश करणारा राजा आप्पासाहेबांना आसरा देतो. पण तो भेटतो घर सुटल्यावर, फुटपाथवर. ‘संध्याछाया’तले नाना-नानी स्वतःच्या घरीच आहेत, मुलगे दूर आहेत, आणि दाराशी कोणी यावे म्हणून ते अनोळखी माणसांनाही बोलावू पाहतात. एका नाटकात शेजारी आहे पण घर नाही. दुसऱ्यात घर आहे पण शेजारी नाही. दोन्ही मोठी नाटके आहेत आणि त्यांचे मोठेपण या निरीक्षणाने उणावत नाही. मात्र म्हाताऱ्याचे स्वावलंबन कुणाच्या तरी तासांवर उभे असते, हे आरियोशींनी घातलेले गणित आपल्याकडे त्या काळात मांडले गेले नाही.

ते गणित जपानमध्ये शब्दशः मांडणारी बाई ओसाकाची होती. मिझुशिमा तेरुको यांनी १९७३ साली, म्हणजे कादंबरीनंतर वर्षभराने, स्वयंसेवी श्रमाची बँक काढली. युद्धकाळात शिवणकामाच्या मोबदल्यात भाजीपाला मिळवून त्यांनी घर चालवले होते. पैसा निरुपयोगी ठरतो तेव्हाही तास निरुपयोगी ठरत नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला. सभासद बहुतांश गृहिणी होत्या. धडधाकट वयात शेजारच्या म्हातारीसाठी दिलेले तास वहीत जमा करायचे आणि स्वतःला गरज पडेल तेव्हा काढायचे, अशी ही योजना होती. तिच्यात दानाचा भाव कमी आणि हिशेबाचा अधिक आहे, म्हणून तिच्यावर टीका झाली. मला तिचे मर्म त्या हिशेबातच दिसते. कृतज्ञतेच्या ओझ्याखाली मान खाली घालून मदत घेणाऱ्या वृद्धाला येथे खातेदाराचा मान मिळतो, आणि ज्या कामाला आजवर नावही नव्हते त्याला एकक मिळते.

१९८० च्या दशकात अशा परस्परसेवेच्या संस्था वाढल्या आणि ‘मोबदला घेणारा स्वयंसेवक’ ही संज्ञा वादाचा विषय झाली. लॉकहीड प्रकरणातील सरकारी वकील म्हणून गाजलेले होत्ता त्सुतोमु यांनी १९९१ मध्ये नोकरी सोडून ‘फुरेआइ किप्पु’ म्हणजे स्नेहबंधाचे तिकीट या पद्धतीचा प्रसार केला. दूरच्या गावी राहणाऱ्या आईसाठी आपण आपल्या गावात तास कमवावेत, अशीही सोय काही ठिकाणी होती. अडचण उघड होती : वयस्कांचे प्रमाण वाढत गेलेल्या समाजात जमा करणारे फार आणि परतफेड करणारे थोडे होतात. १९७० मध्ये पासष्टीपुढच्यांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. १९९४ मध्ये ते चौदा झाले. चोवीस वर्षांत दुप्पट.

मग कोबेचा भूकंप. १७ जानेवारी १९९५ रोजी झालेल्या या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक साठीपुढची होती. मदतीला देशभरातून इतके तरुण धावले की त्या वर्षाला ‘स्वयंसेवेचे पहिले वर्ष’ म्हणण्याची प्रथा पडली. पाऊणशतकाची मिन्सेइ-इइन परंपरा असलेल्या देशात हे नामकरण विस्मृतीचे म्हटले पाहिजे. आणि तात्पुरत्या वसाहतींत जे घडले ते अधिक बोलके आहे. घरे सोडत काढून, वृद्धांना अग्रक्रम देऊन वाटली गेली. हेतू चांगला, पण त्यामुळे जुने शेजार तुटले. एकट्याने, कुणाच्या नकळत आलेल्या मृत्यूला ‘कोदोकुशी’ म्हणतात. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या वसाहतींत असे दोनशेहून अधिक मृत्यू झाले. छप्पर होते, अन्न होते, येणारेजाणारे स्वयंसेवकही होते. रोज सकाळी ज्याची खिडकी उघडली नाही हे सहज लक्षात यावे, असा शेजारी नव्हता.

घरकामाच्या मदतनिसांसाठी असलेली उत्पन्नाची अट १९८२ मध्ये सैल झाली होती. डिसेंबर १९९७ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा संमत झाला आणि एप्रिल २००० पासून तो लागू झाला. चाळिशीपुढचे सर्वजण त्यात वर्गणी भरतात. या कायद्यामागे हिगुची केइको आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८३ पासून चालवलेली चळवळ होती. घरी सेवा करणाऱ्या नातलगाला रोख रक्कम द्यावी का, यावर मोठा वाद झाला. सुनेच्या हाती पैसे ठेवून तिला पुन्हा उशाशीच बसवले जाईल, असे या स्त्रियांचे म्हणणे होते, आणि रोख रकमेची तरतूद कायद्यात आली नाही. १९६८ च्या पाहणीत नुसती नोंद होऊन राहिलेली स्त्री येथे प्रथमच धोरणाचा विषय झाली.

त्याच २००० साली मिन्सेइ-इइनांच्या कायद्यातून ‘मानाचे पद’ हा शब्द काढला गेला. वेतन नाही, एवढेच त्यात उरले. आज सव्वादोन लाखांच्या आसपास असलेल्या या स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या अधिक आहे, बहुतेक स्वतःच साठी ओलांडलेले आहेत आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर रिकाम्या जागा भरणे कठीण होत चालले आहे. २००५ पासून पूर्णपणे लागू झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षण कायद्यामुळे नगरपालिका त्यांना याद्या देताना कचरू लागल्या. जुलै २०१० मध्ये टोकियोच्या आदाची विभागात, कागदोपत्री १११ वर्षांचे असलेले एक गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच घरात मरण पावल्याचे उघड झाले. त्या वस्तीच्या मिन्सेइ-इइनने दारापर्यंत जाऊन पाहिले होते. त्यांना कोणाला भेटायचे नाही, असे सांगून कुटुंबीयांनी दार लावून घेतले होते. त्यानंतर कुटुंबनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कागदावर जिवंत पण ठावठिकाणा नसलेले दोन लाखांहून अधिक शतायुषी आढळले.